प्रतिसाद: शो बघून गेम घ्यावा का?
काहींचं म्हणणं आहे की टेबलटॉप, म्हणजे बोर्ड गेम खेळून दाखवणारा यूट्यूबवरचा शो, बघून गेम घेऊच नये, सगळी एडिटिंगची कमाल असते. मला अर्धंच पटलं. अभिनेता विल व्हीटनचा तो शो २०१२ ला सुरू झाला, त्यात कॅटान हा वसाहती उभारायचा गेम बघता बघता आटोपतो आणि सगळे हसत असतात, पण इथे ठाण्यात घोडबंदर रोडला आम्ही सोसायटीतले चौघं बसतो तेव्हा दीड तास सहज जातो, आणि सुरुवातीला वसाहती चुकीच्या जागी मांडल्या की फासे कितीही टाका, हातात बांधकामाला लागणारी ना वीट येते ना गहू. शोमध्ये हे जाणवतच नाही.

पँडेमिक या गेमचं मात्र उलट, चार रोगांविरुद्ध सगळे एकाच बाजूला, त्यामुळे आईसुद्धा आवडीने खेळते. फक्त एकानेच सगळ्यांच्या चाली ठरवायला घेतल्या की बाकीच्यांची मजा गेली, हा त्या गेमचा खरा दोष. नवख्यांसाठी तिकीट टू राइड हा रेल्वेमार्ग जोडायचा गेम बेस्ट, पटकन कळतो. आणि नियम शिकायचे असतील तर रॉडनी स्मिथचं वॉच इट प्लेड हे यूट्यूब चॅनेल बघा, काय शांतपणे समजावतो तो माणूस!