मदत हवी आहे: जेलमधले दोन रेणू वेगवेगळे जुळलेत की मिसळून, हे कसं ठरवायचं?

मंडळी, सुप्रामॉलिक्युलर रसायनात (रेणू कमकुवत बंधांनी आपोआप कसे जुळतात, त्याचा अभ्यास) काम करणारं इथे कुणी आहे का? माझ्याकडे दोन डायपेप्टाइड जेलेटर (दोन अमिनो आम्लांचे, तंतू बनवून पाण्याचं जेल करणारे रेणू) आहेत. रचना जवळपास सारखी, पीकेए (ज्या पीएचच्या आसपास रेणू प्रोटॉन घेतो किंवा सोडतो तो आकडा) मात्र वेगळे. दोन्ही जास्त पीएचला एकत्र विरघळवून त्यात ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन घालतो. त्याचं पाण्यात संथपणे ग्लुकॉनिक आम्ल होतं आणि पीएच हळूहळू उतरतो. ज्याचा पीकेए जास्त, त्याचे तंतू आधी बनतात. एनएमआरमध्ये (यात विरघळलेल्या रेणूंचे सिग्नल दिसतात, तंतूत गेलेल्यांचे नाही) हे छान दिसतं: एकाचे सिग्नल आधी नाहीसे होतात, दुसऱ्याचे नंतर.

पण सिग्नल वेगवेगळ्या वेळी गेले म्हणून तंतूही वेगळेच, असं धरता येत नाही ना? दुसरा रेणू पहिल्याच्या तयार तंतूंवर चढून बसू शकतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये तर सगळे सारखेच दिसतात.

रसायनशास्त्रज्ञ ज्याँ-मारी लेन यांच्या गटाने १९९३ मध्ये तांब्याच्या हेलिकेटांत (धातूच्या आयनांभोवती रेणूंचे धागे गुंडाळून बनलेल्या मळसूत्री रचनांत) दाखवलेली निवड किती स्वच्छ होती! वेगवेगळ्या लांबीचे बायपिरिडिन (तांब्याला बांधणारा गट) धागे एकत्र असूनही प्रत्येक लांबीची आपापली जोडी. तिथे बंधस्थानांची संख्या जुळावी लागते. माझ्याकडे नुसते हायड्रोजन बंध आणि एकावर एक रचलेली अरोमॅटिक वलयं.

तर तंतूंतली रेणूंची मांडणी दाखवणारं एक्स-रे फायबर डिफ्रॅक्शन पुरेल, की एका रेणूत ड्युटेरियम (जड हायड्रोजन, न्यूट्रॉनना वेगळा दिसतो) घालून न्यूट्रॉन स्कॅटरिंगच करावं? फ्लुओरोफोर (प्रकाश टाकल्यावर चमकणारा गट) जोडायचा मोह होतो, पण लेबलमुळेच जुळणी बदलली तर? शिवाय जेल तापवून सावकाश थंड केल्यावर मिश्र तंतू मिळाले, तर आधीची विभागणी फक्त वेगाच्या फरकामुळे होती असं म्हणता येईल का?