चालणाऱ्यांमुळे खेळ रखडतो म्हणे!

खाजणकाठ (धागाकर्ता)

काल पार_पोफळी यांनी लिहिलं की किनाऱ्यावरच्या गोल्फ कोर्सवर कार्ट (बसून फिरायची बॅटरीची गाडी) सक्तीची करावी, कारण "चालणारे मागच्या सगळ्यांचा दिवस खातात". तिथेच उत्तर द्यायला बसलो तर ते मारुतीच्या शेपटासारखं वाढलं, म्हणून वेगळा धागा.

आधी हिशोब. चौघांचा गट, प्रत्येकी ९० शॉट, एकूण ३६०. दर शॉटमागे ५ सेकंद वाचवले तर अर्धा तास वाचतो. आता चाल. साडेसहा हजार यार्डांचा कोर्स, पण सरळ रेषेत कोणीच जात नाही, म्हणून ९ किलोमीटर धरा. ताशी ५ च्या चालीने पावणेदोन तास. सव्वाचार तासांच्या १८ होलच्या राउंडमधले बाकीचे अडीच तास जातात कुठे? बॅगेत हात घालून उभं राहण्यात, चारी बाजूंनी ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) न्याहाळण्यात आणि स्कोअर ग्रीनवरच लिहीत बसण्यात. हे सगळं कार्टवालेही करतात, फक्त बसून करतात.

त्यात एका कार्टमध्ये दोघे. एकाचा बॉल डाव्या रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात), दुसऱ्याचा उजव्या. शहाणे लोक पहिल्याला दोन-तीन क्लब (खेळायच्या काठ्या) आणि रेंजफाइंडर (अंतर मोजायची दुर्बीण) देऊन उतरवतात आणि गाडी दुसऱ्याच्या बॉलकडे नेतात. बाकीचे? दोघंही आधी डावीकडे, मग दोघंही उजवीकडे.

आणि पावसाळा. जूनच्या मध्यापासून कार्ट फक्त रस्त्यावर. बॉल पलीकडच्या कडेला, ६० यार्डांवर. सात नंबरचं आयर्न घेऊन निघायचं, तिथे गेल्यावर दिसतं की बॉल चिखलात अर्धा रुतलाय, वेज (बॉल उंच उचलणारा क्लब) हवी होती. परत या, पुन्हा जा. बॅग खांद्यावर असलेला माणूस तोवर ग्रीनवर पोचलेला असतो. वेळ कोण खातंय?

बोगीबुवा

मूळ मुद्द्याला +१, पण उदाहरण चुकलं. बॉल स्वतःच्याच आघाताने रुतला असेल तर नियम १६.३ आहे. बॉलच्या लगेच मागची जागा धरा, तिथून एका क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप, म्हणजे बॉल हातातून सोडायचा. दंड नाही. वेज आणायला परत कशाला जायचं?

खाजणकाठ

बुवा, दंडवत. ड्रॉप केलेला बॉल ओल्या रफमध्येच पडतो, तिथेही सात नंबर चालत नाही. पुढे जाऊ?

पार_पोफळी

माझं वाक्य सोयीचं तेवढं उचललंत. सक्ती मी डोंगरउतारावरच्या कोर्सबद्दल लिहिली होती, जिथे एका ग्रीनवरून पुढची टी (पुढचा होल सुरू करायची जागा) अडीचशे-तीनशे मीटर चढावर असते. तिथे तुमचा ताशी ५ चा हिशोब दरीत जातो.

शिवाय वैशाख. अंग थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. किनाऱ्यावर हवेतच इतकी ओल की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. त्यात खांद्यावर काय, तर १४ क्लब साडेपाच किलो, बॅग अडीच, पाणी दोन, वर बॉल, छत्री, रेनसूट. बारा किलोच्या घरात. चौदाव्या होलपासून पाय ओढतात, मनगट आधी वळतं आणि शॉट डावीकडे. मग सगळे मिळून तीन मिनिटं झुडपात. हा वेळ तुमच्या ३६० मध्ये कुठे बसवता? आणि साठीच्या पुढच्या, गुडघे गेलेल्या माणसाने कॅरमच खेळावा का?

रानमोगरा

कुस्ती फक्त खांदा आणि कार्ट यांच्यातच का लावलीय? तीन चाकी ट्रॉली नावाची वस्तू आहे. सहा-सात किलोची, ढकलायची. ओढायची दोन चाकी नव्हे, तिने मागे वळलेला खांदा कुरकुरतो.

अमेरिकेत डेन्व्हरला २००८ मध्ये नऊ होलची मोजणी झाली होती. बॅग खांद्यावर ७२१ कॅलरी, ट्रॉली ७१८, कॅडीसोबत (बॅग वाहणारा मदतनीस) ६१३, कार्टमध्ये ४११. नऊ होलचा सरासरी स्कोअर (कमी तितका चांगला) ट्रॉलीला ४०, कॅडीला ४२, कार्टला ४३ आणि खांद्यावर ४५. म्हणजे पार_पोफळी खांद्याच्या ओझ्याबद्दल बरोबर बोलतायत, पण औषध भलतंच देतायत.

आपल्याकडे ट्रॉलीचा शत्रू एकच, खारी हवा. पुढच्या चाकाचं बेअरिंग पहिल्यांदा धरतं आणि ट्रॉली एका अंगाला जायला लागते. राउंड झाला की गोड्या पाण्याने चाकं धुवा, पुसा, सुकं सिलिकॉन मारा. ग्रीस फासू नका, त्यात वाळू बसते आणि पॉलिश पेपर तयार होतो.

पार_पोफळी

किती माणसांवर मोजणी? हाताच्या बोटांवर मावतील एवढ्या! आणि कॅलरीच काढायच्या तर गोल्फपटू केसी मार्टिनचा खटला काढा. अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय, २००१, ७ विरुद्ध २. पायाच्या आजारामुळे त्याला कार्ट हवी होती, पीजीए टूर (तिथल्या व्यावसायिक स्पर्धा भरवणारी संस्था) म्हणत होती की चालणं हा खेळाचाच भाग. कोर्टाने ते मानलं नाही. तिथली साक्ष अशी की १८ होल चालून साधारण ५०० कॅलरी जातात, एका बर्गरहून कमी. तुमचे नऊ होललाच ७२१!

रानमोगरा

एकात चढ-उतार आणि खांद्यावर बॅग, दुसऱ्यात नुसती चाल. नुसतं बसूनही शरीर जे जाळतं ते धरलं की वगळलं, यानेही आकडा हलतो. बोटांवर मावणारी माणसं हे मान्य. पण तो निकाल आजारी माणसाला कार्ट नाकारू नका असं सांगतो. धडधाकट माणसाला जबरदस्तीने बसवा असं नाही.

जांभाचिरा

सगळे माणसांबद्दल बोलताय. जमिनीला कोणी विचारलं?

जांभ्यावर मातीचा थर मुळातच पातळ, बऱ्याच ठिकाणी बाहेरून आणून पसरलेला. ७५ किलोचा माणूस एका पावलावर दीडशे-दोनशे चौरस सेंटिमीटरवर टेकतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो किंवा कमी. कार्टच्या टर्फ टायरमध्ये १८-२० पीएसआय हवा असते आणि टायर साधारण तेवढ्याच दाबाने जमिनीला टेकतो, म्हणजे सव्वा ते दीड किलो. तिपटीच्या आसपास. पावलांचे ठिपके पडतात, चाकाची सलग पट्टी. वळताना चाक घासून हरळी मुळापासून सोलतं ते निराळंच.

ओल्या मातीवर हे झालं की कणांमधली हवेची जागा मिटते. पाणी मुरत नाही, मुळं वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्येच अडकतात. ऑक्टोबर हीटमध्ये ज्या पट्ट्या सर्वांत आधी पिवळ्या पडतात, त्या जुलैमध्ये उमटलेल्या असतात. मग पोकळ दातांच्या यंत्राने ८-१० सेंटिमीटर खोल गाभे काढा, भोकांत वाळू भरा, महिनाभर लोकांच्या शिव्या खा. समुद्राची वाळू न धुता भरली तर मिठाने उरलेलीही हरळी जाते, हे सांगायला नको. पण सांगतो, कारण भरतात.

कोरड्या दिवसांत नव्वद अंशांचा नियम पाळा. रस्त्याने बॉलच्या समोर या, काटकोनात वळा, तसेच परत जा. आणि ग्रीनजवळ रस्ता सोडण्याची खूण दर आठवड्याला हलवा. सगळे एकाच ठिकाणी उतरतात आणि तिथे टक्कल पडतं. हे सोपं आहे, तरी कोणी करत नाही.

अँपिअर_आबा

जांभाचिरा, वजनच काढलंत तर मुळाशी चला. ४८ व्होल्टच्या कार्टमध्ये ८ व्होल्टच्या सहा शिसे-आम्ल बॅटऱ्या, एकेक २८-२९ किलोची. नुसत्या बॅटऱ्याच १७० किलो! लिथियमचा पॅक तिसऱ्या हिश्श्यात येतो. जमीन वाचवायची असेल तर आधी बॅटरी बदला.

तेवढा पैसा नसेल तर आहेत त्या तरी नीट सांभाळा. पाणी घालायचं ते चार्जिंग संपल्यावर. आधी फक्त आतल्या शिशाच्या पट्ट्या बुडतील इतकंच. चार्ज होताना आतलं आम्ल फुगतं, आधीच तोंडापर्यंत भरलं असेल तर उतू जातं, खालचा ट्रे कुरतडतं, आणि वरून आपली खारी हवा आहेच. टर्मिनलवर हिरवा-पांढरा फुलोरा आला की खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा (झाकणं घट्ट लावून, सोडा आत गेला तर आम्ल मारतो), सुकवा, व्हॅसलीन लावा. नऊ होल झाले तरी चार्जिंगला लावायची. अर्धी उतरलेली बॅटरी पावसाळाभर शेडमध्ये ठेवली की पट्ट्यांवर सल्फेट बसतं. मग ऑक्टोबरमध्ये बाराव्या होलवर गाडी ढकला आणि म्हणा कार्टने वेळ वाचतो.

उधाण

डिस्टिल्ड पाण्याचा एवढा बाऊ कशाला? घरोघरी इन्व्हर्टरला एसीचं पाणी घालतात. वाफेचंच पाणी ते, फुकट.

अँपिअर_आबा

हीच ती घाण सवय. एसीचं पाणी कॉइलवरून येतं. कॉइलवर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, तांब्याच्या नळ्या, त्यावर धूळ, बुरशी आणि किनाऱ्यावर मीठ. ते सगळं धुऊन बादलीत येतं. तांबं आत गेलं की बॅटरी नुसती उभी असतानाही आतल्या आत उतरत राहते.

उधाण

टीडीएस मीटर जेमतेम पाच-सहा दाखवतो. विहिरीच्या पाण्याला दीडशे!

अँपिअर_आबा

टीडीएस मीटर विरघळलेल्या क्षारांवरून अंदाज सांगतो. तरंगणारी धूळ त्याला दिसत नाही, आणि तांबं की मीठ हेही तो सांगत नाही. विहिरीचं तर नावच काढू नका, जांभ्यातून आलेल्या पाण्यात लोह असतं.

बोगीबुवा

उकळून गार केलं तर?

अँपिअर_आबा

उकळल्यावर पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात, बुवा. जास्तच दाट होतं. उडालेली वाफ धरून थंड केलीत तर ते डिस्टिल्ड. म्हणजे जे कॅनमध्ये मिळतं तेच.

उधाण

आणि पावसाचं? आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पडतो. त्यात कसलं तांबं?

अँपिअर_आबा

पत्र्यावरून पन्हळीत आणि पन्हळीतून पिंपात आलेलं? त्यात पत्र्याचं जस्त, कावळ्यांचा प्रसाद आणि समुद्रावरून आलेलं मीठ. हजारोंच्या बॅटऱ्या मारायच्या आणि पाच लिटरच्या कॅनचे पैसे वाचवायचे. घाला, मला काय!

उधाण

आबानू, रागावतास कित्याक? इचारलंय फकत.

खाजणकाठ

धागा चालण्याबद्दल होता, इथे पाणपोई झाली. कार्टच्या बाजूने बोलायला आलेल्यांनीच कार्टची एवढी दुखणी सांगितली की मला काही लिहायलाच उरलं नाही. आभार.

पार_पोफळी

एवढ्यात फटाके लावू नका. पावसाळ्यात सक्ती नको, एवढं सोडतो. रस्त्यावरच अडकलेली कार्ट वेळ खाते, खरंय. पण मार्च ते मे कार्ट हवीच. आणि चालणाऱ्यांनी एक शिस्त पाळावी. बॅग ग्रीनच्या अलीकडे टाकून जाऊ नये, पुढच्या टीच्या बाजूला ठेवावी. पट (ग्रीनवर बॉल होलकडे ढकलायचा फटका) झाल्यावर बॅग आणायला चाळीस पावलं मागे येणारे महाभाग दर गटात सापडतात. हेही तुमच्या ५ सेकंदांत घाला.

खाजणकाठ

बॅगेचं मान्य. मार्च ते मे नाही. सकाळी सव्वासहाची टी (सुरुवातीची वेळ) घ्या, कोकम सरबतात मीठ घालून बाटली भरा, पाण्याची दुसरी बाटली नवव्या होलला, बॉल डझनाऐवजी सहा. तुमचे बारा किलो नऊवर येतात.

बोगीबुवा

सव्वासहाची टी सगळ्यांनाच हवी असते, हे दोघंही सोयीस्कर विसरतायत.

ऑक्टोबरबद्दल एक सांगून ठेवतो, कारण कोणी बोललंच नाही. परतीच्या पावसात दुपारी वीज पडते. कार्टला छप्पर आहे म्हणून लोक तिच्यात जाऊन बसतात. उघड्या कार्टचा विजेपासून काडीचा उपयोग नाही, ती बंद मोटार नव्हे. सलग लांब भोंगा वाजला की खेळ तिथल्या तिथे बंद, हातातला शॉटही मारायचा नाही. तीन तुटक भोंगे असतील तर चालू होल पुरा करता येतो. क्लब ठेवा, झाडापासून लांब व्हा, पक्क्या इमारतीत जा. आणि ओल्या उतारावर कार्ट वळवू नका. बहुतेक कार्टना ब्रेक मागच्याच चाकांना असतात, मागचा भाग आधी घसरतो आणि शेजारी पाय बाहेर काढून बसलेला आधी पडतो.

रानमोगरा

कॅडींच्या रोजीबद्दल अख्ख्या धाग्यात एक ओळ नाही. बॉल कुठे पडला ते बघणं, बंकर (वाळूचा खड्डा) सारखा करणं, पटची रेघ सांगणं, हे कार्ट करत नाही. कार्ट सक्तीची झाली की पहिला फटका त्यांनाच.

पार_पोफळी

कॅडी कार्टसोबतही घेता येतो.

रानमोगरा

येतो. चौघांत एक. आधी चार होते.

उधाण

आबा, शेवटचं विचारतो. एका बॅटरीत एक सेल हायड्रोमीटरवर (आम्लाची घनता मोजायची नळी) १.१९० दाखवतोय, बाकीचे १.२६०. पाणी एसीचंच होतं. आता काय?

अँपिअर_आबा

वाटलंच होतं. आधी पूर्ण चार्ज करा. मग चार्जर इक्वलाइझवर (मुद्दाम जास्त चार्ज करून सगळे सेल सारखे करायची सोय) टाका, मोकळ्या हवेत, जवळपास बिडीसुद्धा नको, हायड्रोजन निघतो. दर तासाला हायड्रोमीटर लावा. आकडा चढायचा थांबला की बंद करा. तरी सेलमधला फरक ०.०५० च्या खाली आला नाही तर ती बॅटरी गेली समजा. बाकी पाच किती जुन्या आहेत ते कळवा. जुन्यांत एकटी नवी घातली तर जुन्या तिलाही आपल्याबरोबर ओढतात.

तोवर चाला.