लेविवोत आणि बिर्या: मुलाचा शब्द बापाच्या तोंडी बदलतो तेव्हा

प्रश्न : मी बायबलमधल्या 2 शमुवेल या पुस्तकाचं मराठी भाषांतर करतेय. त्याच्या 13व्या अध्यायात खाण्याचे दोन हिब्रू शब्द आहेत. दावीद राजाचा मुलगा अम्नोन सावत्र बहीण तामारवर वाईट नजर ठेवून आजाराचं सोंग घेऊन पडतो. राजा समाचाराला येतो, तेव्हा अम्नोन म्हणतो, "माझी बहीण तामार हिनं येऊन माझ्या डोळ्यांसमोर दोन लेविवोत कराव्यात." राजा तामारला निरोप धाडतो, त्यात मात्र 'बिर्या' कर असं आहे. दोन्हींना 'पोळी' म्हटलं तर चालेल का?

उत्तर : नको, त्यात सगळी गोष्टच हरवते. 'बिर्या'चा हिब्रू धातू 'बारा'. आजारी किंवा शोकातल्या माणसाला दोन घास खायला घालणं, असा त्याचा वापर. (उच्चार जुळतो, पण आपल्या 'भरवणे'शी त्याचा संबंध नाही.) ज्यू लोकांत दफनानंतर घरच्यांना जे पहिलं जेवण देतात, त्याचं नावही याच धातूवरून आलंय, आपल्याकडच्या कडू घासासारखं.

'लेविवोत' हा शब्द हिब्रू बायबलमध्ये या एकाच अध्यायात येतो. तो 'लेव', म्हणजे हृदय, याच्याशी जोडतात. त्याच मुळाचं क्रियापद बायबलमधल्या प्रेमकाव्यात, गीतरत्नात, 4:9 मध्ये आहे: माझ्या बहिणी, माझ्या वधू, तू माझं मन हरण केलंस. तिथं 'बहीण' हे प्रेयसीचं लाडकं संबोधन आहे. इथं तामार खरोखरची सावत्र बहीण. तो शेजार आठवला की अम्नोनचं वाक्य ऐकवत नाही.

आणि हा शब्द अम्नोनचा स्वतःचा. सोंगाची युक्ती शिकवणारा चुलतभाऊ योनादाब 'बिर्या'च म्हणाला होता.

दुसरं मत : लेविवोतचा हृदयाशी संबंध पक्का आहे का? आज इस्राएलमध्ये हनुक्का या ज्यू सणाला तळतात त्या बटाट्याच्या लेविवोत.

उत्तर : तो आजचा अर्थ. तामार पीठ मळते आणि शिजवते, एवढंच मूळ सांगतं. आकार हृदयासारखा म्हणून हे नाव, की मनाला उभारी देणारं अन्न म्हणून, यावर मतभेद आहेत. पण मूळ अक्षरं कानाला लागतातच.

मला जास्त छळतो तो दावीद. 12व्या अध्यायात त्याचं तान्हं बाळ आजारी पडतं, तो जमिनीवर पडून राहतो आणि वडीलधाऱ्यांबरोबर अन्न घेत नाही. तिथलं क्रियापद हेच, 'बारा'. सातव्या दिवशी बाळ जातं. असा बाप पुन्हा एका मुलाच्या बिछान्याशी आला आहे. मुलानं 'लेविवोत' म्हटलं, पण निरोपात 'बिर्या' उतरलं. 'माझ्या डोळ्यांसमोर' हे शब्दही गळले. मुलगा खोटं बोलतो हे खरं, पण त्यानं मागितलेलं काहीतरी वेगळं होतं हे त्याच्याच शब्दात उघडं पडलं होतं.

आणखी एक : अम्नोन तामारवर बलात्कार करतो. त्यानंतर दोन वर्षांनी तिचा सख्खा भाऊ अबशालोम मेंढरांच्या कातरणीला अम्नोनला पाठवा म्हणतो. तेव्हा दावीद विचारतो, "त्यानं तुझ्याबरोबर का जावं?" म्हणजे शंका आली होती!

उत्तर : आली होती. अबशालोमनं आग्रह धरला आणि दावीदनं पाठवलं. तिथंच अम्नोनचा खून झाला.

प्रश्नकर्ती : मग 'बिर्या'ला 'पथ्याचं जेवण' करते. 'लेविवोत' तशीच ठेवून खाली टीप देते, आणि 'डोळ्यांसमोर' हे शब्द राजाच्या निरोपात चुकूनही येऊ देणार नाही.