‘गस्ती नौका’ एवढा एकच शब्द पुरतो का?

मूळ प्रश्न (पुणे)

नमस्कार मंडळी. मॉरिशसमध्ये मराठी शिकणाऱ्या मुलांसाठी मी एक वाचनपाठ लिहिते आहे. विषय त्यांच्याच देशाच्या तटरक्षक दलाचा. दल छोटं आहे, पण बोटी आणि विमानं इतक्या तऱ्हेची आहेत की मी शब्दांपाशी अडले.

‘बाराकुडा’ हे त्यांचं मोठं जहाज, 74 मीटर लांबीचं. कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधलेलं. 12 मार्च 2015 ला, म्हणजे मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनी, पोर्ट लुईमध्ये ते सेवेत आलं. ‘व्हिक्टरी’ (2016) आणि ‘व्हॅलियंट’ (2017) या साधारण 50 मीटरच्या दोन, गोवा शिपयार्डनं बांधलेल्या. त्याच गोदीतल्या छोट्या, वेगात पाठलाग करणाऱ्या बोटी आहेत. किनाऱ्यालगत वापरायच्या रबरी बोटी आहेत. शिवाय डॉर्नियर विमानं.

मराठी वर्तमानपत्रं चाळली तर या सगळ्यांना एकच नाव, ‘गस्ती नौका’. विमान असलं की ‘गस्ती विमान’. सरकारी हिंदीतून उचललेले ‘अपतटीय गश्ती पोत’ (किनाऱ्यापासून दूर गस्त घालणारं जहाज), ‘अंतरोधी नौका’ (इंटरसेप्टर, म्हणजे पाठलाग करून अडवणारी बोट) असे शब्दही दिसले. दहा-बारा वर्षांच्या मुलांपुढे ते ठेवायला मन घेत नाही. या मुलांचे पणजोबा-खापरपणजोबा रत्नागिरीकडून बोटीनं तिथे गेले. त्यांच्या हाती समुद्राची मराठी चांगली पडावी असं फार वाटतं. मदत करा.

प्रतिसाद (वेंगुर्ला)

ताई, आधी ‘पोत’ काढून टाका. संस्कृतात पोत म्हणजे जहाज, हिंदीतही चालतं. मराठी माणसाला मात्र पोत म्हटलं की कापडाचा पोत, मातीचा पोत, नाहीतर गळ्यातली काळी पोत आठवते. ‘गस्ती पोत’ वाचून मुलाच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहणार नाही.

आमच्याकडे शब्दांची उतरंड सरळ आहे. वल्ह्यांनी मारतात ती होडी. इंजिन बसवलेली मासेमारीची ती लाँच. खात्याची पांढरी बोट येते तिला सगळे ‘गस्तीची बोट’ म्हणतात. आणि मुंबईच्या वाटेवर दूर दिसतं ते जहाज. ‘नौका’ आमच्या तोंडी नाही, तो छापील शब्द. वाईट नाही, पण नाखव्याच्या तोंडी घातलात तर खोटा वाटेल.

प्रतिसाद (मुंबई, अनुवादाचं काम)

वेंगुर्लेकरांशी सहमत, पण ‘नौका’ टाकून देऊ नका. होडी आणि जहाज यांच्या मधल्या मापाला मराठीत दुसरा नीट शब्द नाही. माझी सवय सांगतो. पन्नास मीटरपर्यंत नौका, त्याच्या पुढे जहाज, माणसं मोजता येतील एवढी उघडी असेल तर बोट. हा नियम कुठे लिहिलेला नाही, कानाला बरं लागतं म्हणून पाळतो. त्या हिशोबात बाराकुडा हे गस्ती जहाज, व्हिक्टरी आणि व्हॅलियंट या वेगवान गस्ती नौका, बाकीच्या बोटी.

लिंगाकडेही लक्ष द्या. बाराकुडा हे जहाज म्हटलंत की पुढे ‘ते निघालं’, नौका म्हटलंत की ‘ती निघाली’. एकाच परिच्छेदात ते आणि ती दोन्ही आलं की मुलांना दोन वेगळ्या वस्तू वाटतात. इंग्रजीत जहाजाला स्त्रीलिंगी सर्वनाम लावायची पद्धत आहे, म्हणून अनुवादात ‘ती’ घुसते. मराठीत लिंग ठरतं ते पुढच्या नामावरून. आणि ‘ती बोट, त्या बोटी’ असंच सांभाळा. ‘ते बोट’ म्हटलं की हाताचं झालं.

प्रतिसाद (नागपूर)

आपला इतिहास एवढा समृद्ध असताना ‘गलबत’ आणि ‘गुराब’ का नकोत? आंग्र्यांच्या आरमारात मोठी ती गुराब, छोटी चपळ ते गलबत. बाराकुडाला गुराब आणि पाठलागाच्या बोटींना गलबत म्हटलं तर मुलांना आपला वारसाही कळेल.

प्रतिसाद (वेंगुर्ला)

दादा, भावना पोचली, पण नाही. गलबत म्हटलं की शीड आलं, डोलकाठी आली, वारा पडला तर वल्ही आली. गुराबेला दोन-तीन डोलकाठ्या असायच्या. हे शब्द जहाजाचं काम सांगत नाहीत, बांधणी सांगतात. डिझेल इंजिनाच्या पोलादी बोटीला गलबत म्हणणं म्हणजे मोटारीला छकडा म्हणणं. जुना शब्द चुकीच्या वस्तूला लावला की तो जगत नाही, त्याचा खरा अर्थही जातो.

प्रतिसाद (मुंबई, अनुवादाचं काम)

आणि नागपूरकर, हे ‘आपले’ शब्द बंदरातून आत आलेले आहेत. गुराब अरबी, मूळ अर्थ डोमकावळा. आरमार पोर्तुगीज ‘आर्मादा’वरून. नाखवा फारसी ‘नाखुदा’, म्हणजे नावेचा धनी. सुकाणू अरबी, खलाशी अरबी. समुद्रावर ज्याच्याशी व्यवहार त्याचा शब्द घ्यायचा आणि आपल्या जिभेला वळवायचा, ही कोकणची जुनी रीत. म्हणून ‘लाँच’, ‘ट्रॉलर’, ‘रडार’ यांना मी परके मानत नाही. ‘अंतरोधी’ मात्र परका वाटतो. तो संस्कृत असला तरी कोणत्याही बंदरातून आलेला नाही.

प्रतिसाद (ठाणे)

मग इंटरसेप्टरला काय म्हणायचं? ‘रोधक नौका’ पाहिलं आहे, पण त्यावरून संततिनियमनाची जाहिरात आठवते. ‘अडवणारी बोट’ बरं, पण त्यात वेग नाही.

प्रतिसाद (वेंगुर्ला)

त्या बोटीचं काम काय? संशयित बोट दिसली की किनाऱ्यावरून सुटायचं, गाठायचं, आडवं जायचं. यातलं मुख्य काम धरा, पाठलाग. ‘पाठलागाची बोट’ म्हटलं की तिसरीतल्या मुलाला कळतं. मोठ्यांसाठी लिहाल तेव्हा ‘जलद पाठलाग नौका’ करा.

मूळ प्रश्नकर्ती (पुणे)

‘पाठलागाची बोट’ आवडलं, घेतलं! आता विमानाचं सांगा. मॉरिशसकडे पहिलं डॉर्नियर 1990 साली आलं, नवं 2016 मध्ये. दोन इंजिनांचं, पंख वर असलेलं विमान. मूळ रचना जर्मन, पण कानपूरच्या कारखान्यात बनलेलं. ते समुद्रावर फिरून जहाजं हेरतं. हे ‘गस्ती विमान’ की ‘टेहळणी विमान’?

प्रतिसाद (सातारा, निवृत्त शिक्षक)

या प्रश्नाला जरा वेळ देऊ या. आपल्याकडे या कुळातले चार शब्द आहेत, आणि चौघांची कामं वेगळी आहेत.

*पहारा* एका जागी असतो. पहारेकरी दारात उभा राहतो, दार सोडून गेला तर पहारा मोडला. *गस्त* फिरती असते. मूळ फारसी धातूचाच अर्थ फिरणं, वळणं. म्हणून आपण गस्त ‘घालतो’, जशी फेरी घालतो, घिरट्या घालतो. गस्तीत कुणी सापडेलच असं नाही. आपण फिरतो आहोत हे चोराला दिसलं तरी गस्तीचा हेतू साधतो. *टेहळणी* डोळ्यांची. टेहळणी बुरुजावरचा माणूस हलत नाही, पण त्याची नजर लांबवर फिरते. आणि *पाळत* एखाद्यावर असते. समुद्रावर पाळत ठेवता येत नाही, समुद्रातल्या एका ठरावीक जहाजावर ठेवता येते. गस्त दिसावी लागते, पाळत दिसता कामा नये.

आता विमान घ्या. ते ठरलेल्या पट्ट्यावरून फेऱ्या मारतं, तोवर गस्त. रडार आणि माणसांचे डोळे खाली काय आहे ते टिपतात, ती टेहळणी. एखादं जहाज बेकायदा मासेमारी करताना दिसलं आणि बोटी पोचेपर्यंत त्याच्यावर घिरट्या घालत राहिलं, की पाळत. एकाच उड्डाणात तिन्ही घडू शकतं. विमान मुळात कशासाठी घेतलं? पाहण्यासाठी. अडवणं त्याच्या हातात नाही. म्हणून नाव ‘टेहळणी विमान’ आणि वाक्यात क्रिया ‘गस्त घालतं’. बोटीचं उलट आहे. ती पाहतेही, पण तिथे जाऊन उभी राहू शकते. म्हणून बोट गस्तीची.

प्रतिसाद (मुंबई, अनुवादाचं काम)

गुरुजी, हा प्रतिसाद जपून ठेवतो. वीस वर्षं गस्त आणि टेहळणी एकमेकांच्या जागी वापरत आलो, आजपासून नाही.

प्रतिसाद (ठाणे)

दोन गोष्टी पटकन. वेग देताना ‘22 नॉट प्रति तास’ लिहू नका. नॉट म्हणजेच तासाला एक सागरी मैल, त्यामुळे ‘प्रति तास’ दोनदा होतं. बाराकुडाचे 22 नॉट म्हणजे ताशी साधारण 41 किलोमीटर, मुलांसाठी तेच लिहा.

दुसरं, किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्याला बातम्यांत ‘विशेष आर्थिक क्षेत्र’ म्हटलेलं असतं. ती चूक आहे. विशेष आर्थिक क्षेत्र जमिनीवर, कारखान्यांसाठी असतं. समुद्रातलं ते ‘अनन्य आर्थिक क्षेत्र’. शब्द जड वाटला तर अर्थ सांगा: या पाण्यातले मासे आणि तळाची संपत्ती मॉरिशसची.

प्रतिसाद (नागपूर)

गलबताचा हट्ट सोडला. पण बाराकुडाला वर्तमानपत्रांनी ‘युद्धनौका’ म्हटलं होतं. भारतानं निर्यात केलेली पहिली युद्धनौका म्हणून अभिमानानं. ते तरी ठेवता येईल ना?

प्रतिसाद (सातारा, निवृत्त शिक्षक)

तो शब्द बांधणाऱ्याच्या बाजूनं खरा आहे. गोदीच्या दृष्टीनं ती युद्धनौका, आणि अभिमान रास्तच. पण पाठ वाचणारं मूल मॉरिशसचं आहे. त्याच्या देशाला स्थायी सैन्यच नाही. 1987 मध्ये स्थापन झालेलं हे दल तिथल्या पोलिसांचा भाग आहे. त्यांच्यासाठी ते जहाज बेकायदा मासेमारी रोखायचं, चाचे आणि अमली पदार्थ आणणाऱ्यांना अडवायचं, बुडणाऱ्याला वाचवायचं आणि दूरच्या बेटांना सामान पोचवायचं. आपल्या बातमीतला शब्द त्यांच्या पाठात गेला तर त्यांच्या जहाजाचा स्वभाव बदलतो. ‘गस्ती जहाज’च ठेवा. माणसांनाही ‘नौसैनिक’ म्हणू नका, ‘तटरक्षक दलाचे पोलीस’ म्हणा.

प्रतिसाद (वेंगुर्ला)

‘तटरक्षक’वरही बोलू द्या. रूढ शब्द आहे, बदला म्हणत नाही. पण मराठीत तट म्हटलं की आधी किल्ल्याचा तट, तटबंदी, आणि गावात दोन तट पडतात ते. समुद्राच्या कडेला आम्ही किनारा म्हणतो, वाळू असली तर पुळण. पाठात एकदा तरी ‘किनाऱ्याची राखण करणारे’ असं वाक्य येऊ दे. ‘राखण’ हा शेतापासून समुद्रापर्यंत चालणारा शब्द आहे.

आणि तिथल्या बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे, आत उथळ शांत पाणी. त्या पाण्याला ‘खाजण’ लिहू नका, काही भाषांतरांत मी वाचलं आहे. खाजण म्हणजे खाडीकाठची खारी दलदलीची जमीन. तिथे तिवरं उगवतात. ‘कड्याआतलं उथळ पाणी’ असं सरळ लिहा. रबरी बोटी का लागतात तेही मुलांना त्यातून कळेल. मोठ्या जहाजाचा तळ तिथे टेकेल.

मूळ प्रश्नकर्ती (पुणे)

याच कड्यावर 25 जुलै 2020 ला ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातलं इंधन समुद्रात सांडलं. पाठात ते घेणार आहे, मुलांच्या घरच्यांनी ते पाहिलेलं आहे. हजारो लोकांनी उसाची पानं कापडात भरून लांब वळकट्या शिवल्या आणि तेल अडवायला पाण्यावर टाकल्या. भारतीय तटरक्षक दलाची माणसं आणि सामानही मदतीला गेलं होतं. या वळकट्यांना काय म्हणू? इंग्रजीतला ‘बूम’ मराठीत भलताच ऐकू येतो.

प्रतिसाद (सातारा, निवृत्त शिक्षक)

बांध. तरंगता बांध. शेतात पाणी अडवायला घालतो तो बांध, इथे तेल अडवायला. ऊस लावणाऱ्या माणसांनी उसाच्याच पानांचा बांध घातला, यापेक्षा नेमका शब्द मिळणार नाही. सांडलेल्या इंधनाला ‘गळती’ म्हणा ते जहाजातून बाहेर येतं तोवर. पाण्यावर पसरलं की ‘तवंग’.

मूळ प्रश्नकर्ती (पुणे)

पहिला परिच्छेद असा झाला आहे, तपासा:

“आपल्या बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे. कड्याच्या आत पाणी उथळ आणि शांत, बाहेर मोठा समुद्र. या सगळ्या पाण्याची राखण आपलं तटरक्षक दल करतं. कड्याच्या आत रबरी बोटी फिरतात. कुणी पळून जाऊ लागलं तर पाठलागाची बोट सुटते. ‘व्हिक्टरी’ आणि ‘व्हॅलियंट’ या नौका गोव्यात बांधल्या. त्या कड्याबाहेर गस्त घालतात. सगळ्यांत मोठं जहाज बाराकुडा. ते दूर अगालेगा बेटांपर्यंत जातं. आणि वरून टेहळणी विमान पाहत असतं.”

प्रतिसाद (वेंगुर्ला)

छान उतरलं आहे. एकच सुचवतो. अगालेगा हजारेक किलोमीटरवर आहे, तिथवर जाताना माणसांना बोट लागत असणार. ‘बोट लागणे’ हा वाक्प्रचार पाठात घाला. समुद्रावर पोटात ढवळून येतं त्याला आपण बोट लागली म्हणतो, आणि त्यावरूनच घाटात गाडी लागते. गंमत म्हणजे बोट किनाऱ्याला पोचली तरी ‘बोट लागली’च म्हणतात. मॉरिशसच्या मुलांना दोन्ही अर्थ माहीत असायला हवेत. त्यांच्या खापरपणजोबांना दोन्ही तऱ्हांनी बोट लागली असेल.

मूळ प्रश्नकर्ती (पुणे)

घेते. दुसऱ्या परिच्छेदाची सुरुवात त्यानंच करते.