थेरमिनवादकाला भेट द्यायला कोणते इफेक्ट पेडल निवडावे?

शाईपेन (प्रश्न)

माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपासून थेरमिन (हवेत हात हलवून वाजवायचे इलेक्ट्रॉनिक वाद्य) वाजवतो. येत्या वाढदिवसाला त्याला एखादे इफेक्ट पेडल (वाद्याच्या आवाजात बदल घडवणारी छोटी पेटी) द्यावे असे मनात आहे, पण मला स्वतःला वाद्यांतले फारसे कळत नाही, आणि जी माहिती मिळाली ती सगळी गिटार डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली होती. त्याचे वाद्य मूग कंपनीचे इथरवेव्ह आहे. उजवा हात उभ्या दांडीजवळ, डावा आडव्या कडीजवळ. वाद्याला स्पर्शही न करता वाजवणाऱ्या माणसाला पायाने दाबायच्या पेटीचा उपयोग कितपत होतो? होत असेल, तर पहिले पेडल कोणते असावे?

कणसूर

उपयोग नक्की होतो. मात्र ‘पायाने दाबायच्या’ हे तुमचे शब्दच निवडीच्या मुळाशी आहेत. थेरमिनमध्ये अतिशय उच्च कंपनसंख्येचे दोन ऑसिलेटर (विद्युत कंपने निर्माण करणारी मंडले) असतात. वादकाचा हात उभ्या अँटेनाजवळ गेला की त्यांपैकी एकाची कंपनसंख्या किंचित बदलते आणि दोहोंमधला फरक आपल्याला स्वर म्हणून ऐकू येतो. पण अँटेनाला हात तेवढा कळतो आणि बाकीचे शरीर कळत नाही, असे काही नसते. मी पहिल्यांदा पेडल जोडले तेव्हा धरलेला स्वर न सोडताच ते चालू करायला गेलो. पाय पुढे टाकताना कंबर जेमतेम दोन बोटे पुढे आली असेल, तेवढ्यात स्वर सरळ चढला. तेव्हापासून डावा हात कडीशी नेऊन आवाज पूर्ण मिटवायचा, मग पेडल दाबायचे आणि मूळ जागी स्थिर झाल्यावरच हात उचलायचा, अशी सवय लावून घेतली.

म्हणून वाजवताना सारखे चालू-बंद करावे लागणारे पेडल टाळा, आणि सुरुवातीला लावून विसरून जाता येईल असे घ्या. माझ्या मते ते रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या दालनातल्यासारखा घुमारा देणारे पेडल. थेरमिनचा नाद फार कमी उपस्वरांचा आणि कोरडा असतो. त्याला थोडी खोली मिळाली की लांब मींड एकदम गाती वाटू लागते. बटणे तीन-चारच असलेले साधे पेडल पुरे, कारण वाजवणाऱ्याचे दोन्ही हात हवेत अडकलेले असतात.

उलटीफीत

रिव्हर्ब गोड लागते हे मान्य, पण दोन वर्षांच्या वादकाला ते फसवते. चुकलेला स्वर त्या धुक्यात लपतो आणि आपण सुरात आहोत असा भ्रम होतो. मी डिले, म्हणजे वाजवलेला स्वर क्षणभराने पुन्हा ऐकवणारे पेडल, सुचवीन: सुमारे 300 ते 400 मिलिसेकंद, पुनरावृत्ती एक किंवा दोन. या वाद्यातून एका वेळी एकच स्वर निघतो. डिलेमुळे मागचा स्वर अजून कानात असतानाच पुढचा लावावा लागतो, आणि तो कणसूर लागला तर तत्काळ उघडा पडतो. अ‍ॅनालॉग धर्तीच्या डिलेमध्ये प्रत्येक पुनरावृत्ती थोडी अधिक मंद आणि झाकोळलेली येत असल्याने मूळ स्वराला ती आड येत नाही. पुनरावृत्ती वाढवली मात्र, तर एका मींडेचा नुसता गोंगाट होतो.

व्हॉल्यूम पेडल अजिबात देऊ नका. ते काम डावा हात करतोच. डिस्टॉर्शनही (आवाज मुद्दाम फाटका करणारे पेडल) भेट म्हणून नको. ते लहान-मोठा आवाज एका पातळीवर आणते, म्हणजे डाव्या हाताने घडवलेले स्वरांचे चढ-उतार सपाट होतात, वर खरखर वाढते ती वेगळीच. ऑक्टेव्हर (स्वराला वरच्या किंवा खालच्या सप्तकातली जोड देणारे पेडल) मात्र इथे गिटारपेक्षाही बरा चालतो, कारण त्याला एकच स्वर ओळखायचा असतो.

शाईपेन

दोघांचेही आभार. डिलेकडे कल झुकतो आहे. जोडणीत आणखी काही लागते का?

तांब्याचीतार

मुख्य म्हणजे अ‍ॅडॅप्टर. तो पेडलबरोबर येतोच असे नाही, आणि खोके उघडून वाद्य न वाजणे ही वाढदिवसाची वाईट सुरुवात आहे. बहुतेक पेडल 9 व्होल्टवर, मधले टोक ऋण असलेल्या अ‍ॅडॅप्टरवर चालतात, पण डिजिटल डिलेला विद्युतप्रवाह बराच जास्त लागू शकतो, म्हणून पेडलवर छापलेला मिलिअँपिअरचा आकडा पाहूनच अ‍ॅडॅप्टर घ्या. जोडीला एक जादा केबल द्या. आतापर्यंत त्याला एकच पुरत होती.

दुसरे असे की थेरमिनचा आउटपुट गिटारपेक्षा जोरकस असू शकतो आणि गिटारसाठी बनवलेल्या पेडलमध्ये आवाज फाटतो. लाइन लेव्हल (गिटारपेक्षा जोरकस सिग्नल) चालते असे स्पष्ट लिहिलेले किंवा इनपुटची पातळी कमी करता येणारे पेडल निवडा. तुमच्या भावाकडे इथरवेव्ह आहे म्हणून डिले योग्य ठरतो. मूगचेच थेरमिनी नावाचे दुसरे वाद्य असते, तर त्यात डिले आतच असल्याने ही भेट वाया गेली असती.

पेडल डाव्या पायाशी, उभ्या दांडीपासून दूर ठेवायला सांगा, आणि जागा एकदा ठरली की जमिनीवर चिकटपट्टीने खूण करायला सांगा: एक पेडलची आणि दोन पावलांची. मी तसेच करतो. पेडल वीतभर सरकले तरी वाद्य पुन्हा जुळवून घ्यावे लागल्याचे मला दोनदा अनुभवायला मिळाले आहे.