केअर सेंटर निवडायला एक रविवार पुरतो म्हणे!

रात्रपाळी
काल इथे एक पोस्ट आली. "आईवडिलांसाठी केअर सेंटर निवडायला एक रविवार पुरतो. बाग बघा, जेवून बघा, भजन होतं का विचारा, खोली हवेशीर आहे का बघा. घरी बाई ठेवण्यापेक्षा स्वस्त पडतं." खाली धन्यवादांची रांग लागली, म्हणून हा वेगळा धागा.

रविवारी अकरा वाजता सगळीच सेंटरं छान दिसतात. पण बागेत फिरू शकणारा माणूस सहसा घरीच असतो. सेंटरमध्ये जायची वेळ येते ती खुब्याचं हाड मोडल्यावर, अर्धांगवायूनंतर, किंवा विसरभोळेपणा वाढून रात्री कडी काढून बाहेर पडायला लागल्यावर. अशा माणसाला बाग दिसली तर आठवड्यातून दोनदा. संडासात मात्र दिवसातून सात-आठ वेळा जावं लागतं. तर आधी संडास बघा. दार मोकळं ९०० मिलिमीटर हवं, नाहीतर व्हीलचेअर आत घेताना बोटं चौकटीला घासतात. कमोडशेजारची दांडी दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून ओढा. टाइलमागच्या विटेत स्क्रू नीट बसला नसेल तर ती तेव्हाच हलते. दांडीच नसेल तर माणूस बेसिन धरून उठतो आणि एक दिवस बेसिनसकट खाली येतो.

मग कूस बदलल्याचा तक्ता मागा, कालच्या रात्रीचा. अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर जखम होते. तक्त्यात १०, १२, २, ४ असे बरोबर ठोक्याला आकडे असतील, एकाच पेनाने एकाच हाताने लिहिलेले, तर तो सकाळी बसून भरलाय. खरा तक्ता १०.२०, १२.४५ असा वाकडातिकडा असतो आणि त्यात अक्षरं दोन असतात.

आणि रात्री साडेनऊनंतर न सांगता जा. चाळीस खाटांना दोन मावश्या असतील तर हिशेब करा. कूस बदलायचे आठ जण, प्रत्येकाला दोघींची सहा मिनिटं, म्हणजे पाऊण तास त्यातच गेला. त्या वेळी दुसऱ्या मजल्यावर बेल वाजली तर कोण जाणार?

हिशेबनीस
संडासाचं पटलं. मला त्या पोस्टमधला "स्वस्त" हा शब्द खटकला. पुण्यात ब्युरोची बाई बारा तासांना ८०० धरली तर दोन पाळ्यांचे महिन्याला ४८ हजार. सेंटरच्या पत्रकावर ३५ हजार दिसतात आणि लोक १३ हजार वाचले म्हणून निघतात. आता वरचं मोजा. डायपर रोज चार, चाळीस रुपयांप्रमाणे, ४,८००. फिजिओ महिन्याला बारा वेळा, ४०० प्रमाणे, ४,८००. नाकातली नळी किंवा कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर नर्सिंगचे वेगळे, ५ हजार धरा. झाले ४९,६००. औषधं आणि डॉक्टरची भेट यात धरलेली नाही.

डायपर बाहेरून आणू देतात का, हे पहिल्याच भेटीत विचारा. जीएसटी लावणार का, तेही विचारा. प्राप्तिकर कायद्याखाली धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमात साठीपुढच्या माणसाला, राहण्या-जेवण्यासकट दरमहा २५ हजारांपर्यंतच्या आकाराला सूट आहे. कंपनीच्या सेंटरला ती मिळत नाही. करारात तीन ओळी शोधा: माणूस दवाखान्यात असताना खाटेचे किती घेणार, तो वारला तर त्या महिन्याचे उरलेले परत देणार का, आणि डिपॉझिट किती दिवसांत देणार.

घरचंबरं
म्हणजे ४८ हजारांत घरी एका माणसाला एक बाई आणि ५० हजारांत तिकडे वीस माणसांना एक! मग हा धागा कशासाठी? दवाखान्याची खाट भाड्याने मिळते, हवेची गादी मिळते, फिजिओ घरी येतो. स्वतःच्या खोलीत माणसाला दिवस-रात्र कळते. जागा बदलली की विसरणारा माणूस आणखी गोंधळतो.

रात्रपाळी
शेवटचं वाक्य खरं आहे, पहिले तीन-चार आठवडे वाईट जातात. पण गौरी-गणपतीत ब्युरोची बाई दहा दिवस गावी जाते आणि बदली येत नाही, तेव्हा दोन्ही पाळ्या कोण करतं? सून किंवा मुलगी, तिची नोकरी सांभाळून. "घरीच बरं" म्हणताना तिची पाळी हिशेबात धरा. सत्तर किलोच्या माणसाला एकटीने खुर्चीत बसवून दाखवा, मग बोलू.

मुक्काम टोरांटो
महारेराने, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम काढले ना? दाराची रुंदी, लिफ्ट, दांड्या सगळं आहे त्यात. मग प्रत्येकाने टेप घेऊन का फिरायचं?

रात्रपाळी
ते विकायच्या फ्लॅटना. महिन्याच्या पैशांवर दिलेल्या खाटेला ते लागू नाहीत. वृद्धाश्रम धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असला तरी ती संस्थेची नोंदणी झाली, काळजीचा दर्जा त्यातून कळत नाही. कागदच बघायचा तर आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, "फॉर्म बी", मागा. परवानाधारक एजन्सीकडून तो दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो.

मुक्काम टोरांटो
ठीक आहे. मग सह्यांचं काय? सेंटरवाले "स्थानिक पालक" मागतात. आम्ही तिघंही भावंडं बाहेर. वडिलांनी मुखत्यारपत्र करून दिलंय, ते पुरेल?

कागदपत्रं
आज पुरेल. वडिलांना समजेनासं झालं त्या दिवसापासून नाही. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की ते संपतं, आणि नेमकी गरज तेव्हाच लागते. मग उच्च न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागतो, त्यात महिने जातात आणि सेंटरचं बिल चालूच राहतं. म्हणून भान आहे तोवर पेन्शनचं खातं जोडीदारासोबत "आयदर ऑर सर्व्हायव्हर" (दोघांपैकी कोणीही चालवेल असं) करा, नामनिर्देशनं तपासा, मृत्युपत्र उरका. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ खाली मानसिक आजाराच्या उपचारांपुरता प्रतिनिधीही लेखी नेमता येतो. हात थरथरतो म्हणून सही जुळत नसेल तर बँक अंगठा घेते, दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी.

हयातीचा दाखला नोव्हेंबरात. केंद्राच्या पेन्शनरांना ऐंशीनंतर १ ऑक्टोबरपासून देता येतो. म्हाताऱ्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही, मोबाइलवर चेहऱ्याने करा. सेंटरमधलं कोणी ते करून देतं का, आधीच विचारून ठेवा.

घरचंबरं
हेच म्हणत होतो! सगळी चर्चा खात्यावर आणि सहीवर आली. आधी फ्लॅटचं बक्षीसपत्र करून घ्यायचं, मग हवेशीर खोली शोधायची. परदेशातल्यांना विचारा, फ्लॅट कोणाच्या नावावर आहे.

मुक्काम टोरांटो
माझ्या वडिलांचा फ्लॅट त्यांच्याच नावावर आहे. तुम्ही मला ओळखत नाही, घरचं बोलू नका. दर महिन्याला पैसे पाठवणं आणि रात्री दोनला फोन उचलणं यालाही कष्ट पडतात.

कागदपत्रं
दोघेही थांबा. बक्षीसपत्राचा मुद्दा व्यक्तीवर न नेता बघा, कारण तो खरा आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळलं नाही तर परत मिळू शकते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं की ती अट असल्याचं दाखवावं लागेल. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने हे कलम उदारपणे वाचा, असंही म्हटलं. तुम्ही निकालांच्या भरवशावर राहू नका, बक्षीसपत्रातच अट स्पष्ट लिहा. प्रकरण प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे चालतं. पोटगीची कमाल मर्यादा मात्र महिना १० हजार आहे. वरचे ४९,६०० आठवा.

घरचंबरं
टोरांटोवाल्यांचं नाव घ्यायला नको होतं, ते मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही. फ्लॅट शेवटपर्यंत म्हाताऱ्यांच्याच नावावर राहिला पाहिजे.

रविवारकर
ती पोस्ट माझी. संडास आणि तक्ता सुचला नव्हता, मान्य. पण "जेवून बघा" चुकीचं कसं? अन्नावर माणूस टिकतो.

रात्रपाळी
चुकीचं नाही, पण तुम्ही दुपारचं जेवलात. रात्रीचं बघा. बऱ्याच ठिकाणी साडेसहाला ताटं उचलली जातात, कारण स्वयंपाकाची माणसं सातला निघतात. सकाळचा नाश्ता साडेआठला. मध्ये चौदा तास. ज्याला संध्याकाळी इन्शुलिन दिलंय त्याची साखर पहाटे खाली जाते, घाम फुटतो, बरळायला लागतो, आणि वहीत "रुग्ण चिडचिड करत होता" असं लिहिलं जातं. नऊला दूध किंवा खिमटी देतात का, आणि ती भरवायला कोणी बसतं का, हे विचारा. कवळी जेवणाआधी कोण लावतं, तेही. कवळी डबीत राहिली की पोळी ताटात राहते आणि "यांना भूक नाही" असं घरी कळवतात.

रविवारकर
बरं, रात्रीचं जेवण बघायला हवं होतं. अजून काही राहिलं?

रात्रपाळी
एकच, कोणी विचारत नाही ते. रात्री तिथेच माणूस गेला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला कोण देणार? दवाखान्याबाहेरच्या मृत्यूला नमुना ४-अ लागतो आणि तो आधीपासून उपचार करणारा डॉक्टरच देतो. सेंटरला ठरलेला डॉक्टर नसेल, किंवा त्याने महिनोन्महिने माणसाला तपासलंच नसेल, तर तो सही करत नाही. मग पोलीस, शवविच्छेदन, आणि घरचे ससूनच्या दारात. म्हणून डॉक्टरचं नाव, तो किती दिवसांनी येतो आणि त्याच्या भेटीची वही, हे पैसे भरायच्या आधी बघा. मागच्या तीन भेटींच्या तारखा लिहून घ्या.