मालकच स्वतःच्या ब्रँडची शिफारस करतो, तेव्हा ग्राहक त्याच्यावर विश्वास का ठेवतो?

जिज्ञासू
नामांकित अभिनेता किंवा खेळाडू न घेता कंपनीचा मालक स्वतःच जाहिरातीत येतो आणि आपल्या मालाची ग्वाही देतो. त्याचा स्वार्थ उघड असतानाही लोक त्याचे म्हणणे का मानतात, आणि हा विश्वास प्रत्यक्ष खरेदीपर्यंत पोहोचतो का?

विपणन अभ्यासक
अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल हॉवलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात सांगणाऱ्याच्या विश्वासार्हतेचे दोन घटक मांडले : विषयाची जाण आणि हेतूचा प्रामाणिकपणा. मालकाची पहिली बाजू भक्कम असते, कारण माल कसा तयार होतो हे त्याच्याइतके क्वचितच कोणाला ठाऊक असते. दुसरी बाजू मात्र लंगडी असते. माझ्या मते ती उणीव भरून निघते ती त्याने पणाला लावलेल्या नावामुळे. मानधन घेणारा अभिनेता उद्या दुसऱ्या ब्रँडकडे जाऊ शकतो, मालकाला तशी पळवाट नसते. अमेरिकी उद्योजक व्हिक्टर कायम यांनी १९७९ मध्ये दाढीची यंत्रे बनवणारी रेमिंग्टन ही कंपनी घेतली आणि दाढीचे यंत्र इतके आवडले की कंपनीच विकत घेतली, असे ते जाहिरातीत सांगत. येथे शब्दांमागे स्वतःचा पैसा उभा होता, म्हणून तो दावा लोकांच्या मनात ठसला.

साशंक वाचक
विश्वास आणि विक्री यांच्यात इतका सरळ संबंध जोडू नये, असे मला वाटते. ली आयाकोका हे क्रायस्लर या अमेरिकी मोटार कंपनीचे मालक नव्हे तर प्रमुख होते. १९८० च्या दशकात ते जाहिरातींत आले आणि कंपनी सावरली, हे खरे, परंतु त्याच काळात सरकारी हमीवरची कर्जे, खर्चातील कपात आणि नवी मॉडेल्सही आली होती. श्रेय एकट्या चेहऱ्याला कसे देणार? मालकाच्या शब्दावर माणूस पहिल्यांदा वस्तू घेईलही, विशेषतः ब्रँड नवा असेल तर. दुसऱ्यांदा घेताना तो स्वतःच्या अनुभवाचेच ऐकतो.

विपणन अभ्यासक
पहिल्या आणि पुढच्या खरेदीतला हा फरक मला पूर्ण मान्य आहे. मात्र मालकाच्या शब्दाचे वजन किती असते, हे तो शब्द उलटा पडतो तेव्हा अधिक स्पष्ट दिसते. जेराल्ड रॅटनर यांनी १९९१ मध्ये लंडनमधील एका भाषणात आपल्याच दागिन्यांच्या दुकानांतील मालाची टवाळी केली आणि कंपनीचे बाजारमूल्य सुमारे ५० कोटी पौंडांनी घसरले. स्वतःच्या हिताविरुद्ध केलेले विधान लोकांना सहज खरे वाटते, म्हणूनच त्या काही वाक्यांना उत्तर देणे कोणत्याही जाहिरातीला शक्य झाले नाही.

जिज्ञासू
म्हणजे नव्या उद्योजकाने कॅमेऱ्यासमोर यावे, पण माल कसा बनतो, हमी काय आहे, तक्रार आल्यास काय होईल, एवढेच बोलावे, असे मी समजतो. सर्वोत्तम असल्याचा दावा त्याच्या तोंडी फारसा टिकणार नाही.

साशंक वाचक
होय, आणि त्या हमीची एकही अट लपवू नये. मालकाने स्वतः दिलेला शब्द मोडला, तर ग्राहक त्याचा दोष कर्मचाऱ्याला देत नाही.